तट्टूसाठी पिकअप बांधून घेतली आणि 1,80,500 रुपयांना फसलो

हे लिहू की नको, महिनाभर घोळ चालला होता. घरच्यांसमोर सांगताना मान वर होत नव्हती, त्यात आता चारचौघांत. पण गेल्या आठवड्यात एक फोन आला आणि गप्प बसणं पाप वाटायला लागलं. त्या फोनचं शेवटी सांगतो.

आमची मैना 50 इंची घोडी, म्हणजे तट्टूच. पंचकल्याणी, चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा. मुलगी तिच्यावरच बसायला शिकली. सुट्टीत तिला पाहुण्यांच्या मळ्यावर न्यायचं, जवळपासच्या जत्रांना न्यायचं आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा दाखवायची, एवढीच आमची हौस. आजवर भाड्याच्या टेम्पोतून नेत होतो. मोकळा हौदा, खाली पेंढा, दोन बांबू आडवे, आणि मी मोरखी धरून उभा. प्रत्येक वळणावर जीव मुठीत. म्हणून सेकंडहँड पिकअप घेतली आणि ठरवलं, आता नीट बांधून घ्यायची.

एक आधीच सांगतो, कारण ज्याला सांगावं तो म्हणतो ‘चौकशी करायची ना आधी’. केली होती. 1978 च्या प्राणी वाहतुकीच्या नियमांची प्रिंट माझ्या खिशात होती. घोड्याच्या गाडीला चारही बाजूंनी गादी हवी, तळाला पाय न घसरणारं काहीतरी हवं, मागे दोन भक्कम आडवे दांडे हवेत, प्रत्येक गाडीत जनावराजवळ एक माणूस हवा, वेग ताशी 35 किलोमीटरच्या वर नको. त्यातलं एकेक कलम मी गाडी बांधून देणाऱ्या त्या माणसाला वाचून दाखवलं. माझ्यापुढे बसून तो माना डोलवत होता. मी अडाणीपणाने गेलो नाही, तयारीनिशी गेलो आणि तरी फसलो. म्हणूनच जास्त जळतं.

त्याचा पत्ता एका घोडेवाल्याकडून मिळाला. शेड मोठी, बाहेर दोन टेम्पो उभे, आत वेल्डिंग चालू. मोबाइलवर पंधरावीस फोटो दाखवले, घोड्यांच्या गाड्यांचे, एकसे एक. ‘दादा, बिनघोर राहा, आपल्या गाड्या पार राजस्थानात जातात.’ त्या फोटोंतली एकही गाडी मी हात लावून बघितली नाही. फोटोतल्या गाडीच्या मालकाशी फोनवर बोलल्याशिवाय विसार देऊ नका. नंबर द्यायला कां कू केली की तिथूनच उठा.

ठरलेली रक्कम 1,68,000. शिवाय आरटीओ पासिंगचे 12,500. विसार म्हणून 51,000 दिले, यूपीआयने. आठ दिवसांनी ‘माल आणायचाय’ म्हणून 60,000. मग पत्रा लागल्यावर 45,000. त्याच दिवशी पासिंगचे 12,500. गाडी ताब्यात घेताना उरलेले 12,000 रोख. एकूण 1,80,500. पक्कं बिल एकाचंही नाही. मागितलं तेव्हा ‘जीएसटी लावला तर तुम्हालाच जड जाईल’ म्हणाला आणि मला ते पटलं. पैसे ज्या खात्यात गेले ते त्याच्या नावावर नव्हतं, मेव्हण्याच्या नावावर होतं. हे मी तेव्हाच वाचलं होतं, स्क्रीनवर नाव येतंच. ‘आमचं एकच आहे’ म्हणाला.

कंपनीचा हौदा त्याने पहिल्याच दिवशी काढला. खालून गंजलाय, घोड्याच्या वजनाला टिकणार नाही, नवा सांगाडा मारून वर लाकडाचा तळ देतो, म्हणाला. लाकडी तळ वाईट नसतो. घोड्याच्या पायाला बरा, आवाज कमी, उन्हात तापत नाही. पण तो 19 एमएमच्या मरीन प्लायचा हवा आणि खाली फुटाफुटावर अँगल हवेत. हेच ठरलं, हेच मी त्याच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं. वही त्याच्याकडेच राहिली. जुना हौदा कुणाला विकला तेही मला कळलं नाही.

आता तो दिवस. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी तिथेच जाऊन पोचतो.

गाडी तयार आहे म्हणून बघायला गेलो. रंगाचा वास अजून येत होता. तळाला काळी रबर मॅट, जाड, खाचांची, चांगली दिसत होती. मी वाकून कडेला बोट घातलं, उचलावी म्हणून. निघेना. चारही कडांना सोल्यूशनने चिकटवलेली. घोड्याच्या गाडीत मॅट चिकटवत नाहीत, हे मला माहीत होतं. घोडं गाडीत मुततंच. मॅटखाली गेलेलं पाणी बाहेर काढून धुता आलं नाही तर लाकूड कुजतं आणि लोखंड गंजतं, म्हणून मॅट सुटी ठेवायची आणि प्रवासाहून आलं की उचलून तळ धुवायचा. मी त्याला म्हणालो, ‘ही उचलता आली पाहिजे.’ तो म्हणाला, ‘दादा, सोल्यूशन ओलंय, आता ओढली तर लाट येईल. महिन्याने या, मी स्वतः सुटी करून देतो.’

माझं बोट त्या कडेखाली होतं. जरा जोर लावला असता तर कोपरा सुटला असता. मी बोट काढून घेतलं. मुलगी गाडीत चढून टणाटण उड्या मारत होती, ‘बाबा, मैनाला आवडेल ना?’ विचारत होती, आणि मला तिच्यासमोर वाद नको होता. तेवढ्यासाठी. पोरीचं तोंड बघून ज्याने एक कोपरा उचलला नाही त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. पण अशा वेळी तुमच्यातल्या कितीजणांनी उचलला असता?

मैनाला त्या गाडीतून चार वेळा नेली, सगळे जवळचे फेरे. पाचव्या वेळी पुतण्या मागे तिच्याजवळ, मी चालवत. पुढे गतिरोधक होता, वेग पंचवीसच्या आसपास, ब्रेक लावला. ब्रेकला घोडं तोल सावरायला पाय रोवतं, त्यात भार एकाच खुरावर येऊ शकतो. मागून आधी काडकन आवाज आला, मग पुतण्या केबिनच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी बडवायला लागला. मी जागच्या जागी गाडी थांबवली. मैनाचा मागचा उजवा पाय घोट्यापर्यंत तळाच्या आरपार गेला होता, खुर तळाखाली हवेत लोंबत होता. आणखी पन्नास फूट गेलो असतो तर काय झालं असतं ते इथे लिहवत नाही. तिने आरडाओरड केली नाही. मैना घाबरली की आधी थिजते. पुतण्याच्या खांद्यावर तोंड टेकून ती थरथरत होती.

पाय सोडवायला पाऊण तास लागला. सात टाके पडले. डॉक्टरांचे आणि औषधांचे 6,750 झाले.

त्या संध्याकाळी मी मॅट फाडून काढली. खाली 12 एमएमचा प्लाय, कडेला शिक्का आयएस 303. मरीन प्लायला आयएस 710 असतं. 303 म्हणजे घरातल्या कपाटांचा साधा प्लाय, सतत ओल राहिली की थर सुटू शकतात. अँगल फुटाफुटावर नाही, दोन-दोन फुटांवर, आणि ते नुसते टाके मारून उभे केलेले, पूर्ण वेल्डिंग नाही. बाजूच्या गादीचं रेक्झिन कापलं तर आत फोम नाही, थर्माकोलचे तुकडे आणि गोणपाट. मागच्या फळक्याला, म्हणजे घोडी चढवायला खाली पाडायच्या दाराला, दोन बिजागऱ्या, त्यातली एक नुसत्या रंगाने धरलेली. सगळा तळ पुन्हा करून घ्यायला दुसऱ्याने 38,400 घेतले. एकूण हिशेब 2,25,650.

पासिंगचं तर पुढेच आहे. त्याने व्हॉट्सअॅपवर शिक्का मारलेला कागद पाठवला होता, तो मी जपून ठेवला होता. आरटीओत दाखवला तर खिडकीवरच्या बाईंनी संगणकात बघून सांगितलं, या गाडीचा असा अर्जच आलेला नाही. वर मला, ‘एजंटकडे कशाला गेलात?’ गाडीच्या बांधणीत बदल केला की त्याची नोंद आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, चढावी लागते. ती चढली की नाही ते आरसी बघितली की कळतं. मी बघितलं नाही, कारण हातात कागद होता. कागद बघू नका, आरसी बघा. आणि पासिंग तसंही होणार नव्हतं, हे मला नंतर कळलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जनावरांच्या गाडीला कायमचे कप्पे लागतात आणि घोड्याचा एकेक कप्पा किमान 2.25 चौरस मीटरचा, म्हणजे साधारण 24 चौरस फुटांचा हवा. माझा हौदा 8 फूट बाय साडेपाच फूट, 44 चौरस फूट. आणि हा मला दोन कप्पे पाडून देत होता, ‘मैनाला जोडीदारीण आणा’ म्हणत होता.

पोलीस ठाण्यात पाच खेटे घातले. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘घोडा मेला का?’ नाही म्हटल्यावर त्यांचा त्यातला रसच संपला. तिसऱ्या दिवशी, ‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा.’ काम नीट केलं नाही एवढंच असतं तर मीही दिवाणी म्हटलं असतं. पण खोटा शिक्का मारलेला सरकारी कागद देऊन 12,500 घेतले, हे दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 मी त्यांना मोबाइलवर काढून दाखवलं तर म्हणाले, ‘आम्हाला कायदा शिकवू नका.’ चौथ्या दिवशी साधा अर्ज घेतला, एफआयआर नाही. पाचव्या दिवशी तो अर्ज कुठे आहे तेच कुणाला सांगता येईना! 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. त्यांचं म्हणणं, पैसे तुम्ही कामासाठी स्वतःच्या मर्जीने दिलेत, हा सायबर गुन्हा नाही. बँकेचंही तेच. विमा कंपनीने उलट मलाच पत्र पाठवलं, बदलाची नोंद नाही म्हणून. जखमी घोडी घरात, आणि मी या टेबलावरून त्या टेबलावर. जो तो मला असं बघत होता की जणू तट्टू पाळणं हाच गुन्हा.

ठाण्यात एफआयआर घेत नसतील तर वाद घालत बसू नका. तीच तक्रार लेखी करून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, पोच जपा. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर दीड महिना वाचला असता.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार जानेवारीत टाकली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील नसला तरी चालतं. कायद्यात तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल लावायचा असं लिहिलंय. माझ्या बाबतीत त्याला पाठवलेली पहिली नोटीसच ‘पत्ता सोडून गेले’ शेऱ्यासह परत आली. शेड बंद. तारीख पडते, मी जातो, पुढची तारीख घेऊन येतो. तिथे कुणीतरी असंही सुचवलं की घोडी वरातीला भाड्याने देत असाल तर तो धंदा झाला, मग तुम्ही ग्राहकच नाही. मैना आजवर एका वरातीला गेलेली नाही!

तळाचा तो फुटका फळा अजून माझ्याकडे आहे. खुराने पडलेलं भोक आणि शेजारी 303 चा शिक्का. काहीही फेकू नका. तुटलेली फळी, रेक्झिनचे तुकडे, सगळं तारखेसह फोटो काढून ठेवा, काम चालू असताना आठवड्याला एकदा जाऊन सांगाड्याचे फोटो घ्या. तळ झाकण्याआधी बोलवायला सांगा, मॅट टाकायच्या आधी. स्वतः तळावर उभं राहून दोन अँगलच्या मधे टाच मारून बघा. आणि घोडं बांधताना कडीला थेट दोर नको, मधे सुतळीचा फास ठेवा म्हणजे ओढाताण झाली तर सुतळी तुटेल, मान नाही. गाठ सुरगाठ. चढवताना आधी मागचा दांडा लावायचा, मग डोकं बांधायचं. उतरवताना आधी डोकं सोडायचं. त्या दिवशी मैनाची सुतळी तुटली म्हणून ती मान वळवून पुतण्याच्या खांद्यावर टेकू शकली.

जखम भरली. पण मैना आता फळका चढत नाही. नव्या तळावर मी मुद्दाम जुनाच पेंढा पसरला, तिच्या वासाचा. मुलगी रोज संध्याकाळी दाण्याचा तोबरा घेऊन आत जाऊन बसते. घोडी पुढचा एक पाय फळक्यावर ठेवते, खालचा आवाज ऐकते, आणि काढून घेते. यंदा सारंगखेडा राहिलं.

आता तो फोन. गेल्या आठवड्यात पुतण्याच्या ओळखीतल्या एका माणसाने फोटो पाठवला आणि फोन करून विचारलं, ‘ही तुमचीच घोडी ना?’ दुसऱ्या जिल्ह्यात नवी शेड निघालीय, आणि तिथे गिऱ्हाइकांना दाखवायच्या फोटोंत माझी पिकअप आहे. नवाकोरा रंग, काळी मॅट, आणि आत उभी पंचकल्याणी मैना. नंबर प्लेट पुसलेली. मी ताबडतोब त्याला पहिलंच विचारलं, पैसे दिलेत का. त्याने आदल्या रात्रीच विसार पाठवला होता, 51,000. खात्यावरचं नाव तेच, मेव्हण्याचं.

सोमवारी आम्ही दोघं मिळून पोलीस अधीक्षक कार्यालयात जाणार आहोत. फळा बरोबर नेतोय. तुमच्यापैकी कुणाची गाडी अशीच बांधली गेली असेल तर आजच मॅट फाडा, शिक्का बघा, आणि कागद घेऊन आमच्याबरोबर या.