ग्रीन बिल्डिंगचे 2 लाख 10 हजार जास्तीचे दिले आणि भिंतीतून निघाली लाल वीट

नागपूरकरांनो, बेसा-बेलतरोडी साइडला नवीन फ्लॅट बघत असाल तर हे वाचा. मी तिकडेच घेतलाय, सातव्या मजल्यावर, सगळ्यात वरचा. त्याच बिल्डरची फेज टू ची बुकिंग सुरू झालीये आणि सॅम्पल फ्लॅटमध्ये तोच टब परत मांडलाय म्हणून लिहितोय.

टब म्हणजे, पाण्याने भरलेल्या टबात एएसी ब्लॉकचा (विटेच्या जागी वापरतात तो हलका, सच्छिद्र सिमेंटचा ब्लॉक) तुकडा तरंगत ठेवला होता. सेल्सवाला पोरगा म्हणे सर, तुमच्या भिंती याच्याच, आतमध्ये हवेची छिद्रं असतात त्यामुळे ऊन आत येत नाही, मे महिन्यातसुद्धा कूलरवर भागेल. आता आपल्याकडे 23 मे 2013 ला 47.9 डिग्री गेलं होतं, उन्हाळा काय असतो ते आपल्याला कोणी सांगायला नको, त्यामुळे हे ऐकून आम्ही दोघं विरघळलोच. वरून छताला इन्सुलेशन, खिडक्यांना डबल काच. आणि म्हणे सरकारने आता नवीन बिल्डिंगला हे सगळं कंपल्सरी केलंय म्हणून ग्रीन चार्जेस 2 लाख 10 हजार वेगळे द्यावे लागतील. तो चेक बिल्डरच्या नावाने नाही तर कुठल्यातरी कन्सल्टन्सीच्या नावाने घेतला, पावतीही त्यांचीच. तेव्हाच विचारायला पाहिजे होतं की वेगळ्या नावाने काऊन, पण घराच्या आनंदात विचारलं नाही.

ताबा घेतल्यावर पहिल्याच एप्रिलमध्ये कळलं. रात्री अकरा वाजता पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर तव्यासारखी. आईला त्या खोलीत झोपवत नव्हतं, म्हातारं माणूस, रात्रभर ओला पंचा अंगावर घेऊन बसायची. शेवटी एसी घेतला. इलेक्ट्रिशियन आउटडोअरचा स्टँड बसवायला ड्रिल मारत होता, मध्येच थांबला आणि म्हणाला, "भाऊ, हे तं साधी इट हाये." एएसी ब्लॉकचा भुसा पांढुरका-राखाडी निघतो, इथे फरशीवर लालभडक भुकटी. एक तुकडा निघाला तो मी बादलीत टाकला, सरळ तळाला गेला. बायको तिथेच उभी होती, एक शब्द बोलली नाही.

मग पावसाळ्यात स्लॅब गळला, टेरेसची फरशी उकरली, खाली नुसता ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर. इन्सुलेशनचा पत्ता नाही. डबल काच म्हणजे हॉलच्या एका खिडकीला तेवढी, बाकी सगळीकडे सिंगल.

मग मी वाचायला बसलो, जे बुकिंगच्या आधी करायला पाहिजे होतं. घरांसाठी बीईईची (केंद्राचा ऊर्जा बचतीचा विभाग) इको निवास संहिता 2018 मध्ये आली. त्यात भिंती-खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेचा एक आकडा असतो, आरईटीव्ही म्हणतात, तो दर चौरस मीटरला 15 वॅटच्या वर जायला नको. छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती आरपार जाते त्याचा आकडा, 1.2 च्या आत पाहिजे, नुसत्या काँक्रीट स्लॅबचा याच्या दुपटीपेक्षा जास्त भरतो, म्हणून तर वरच्या मजल्यावर भट्टी होते. नागपूर त्यांच्या हिशोबात संमिश्र हवामानात येते, तिथे उघडता येणारी खिडकी कार्पेट एरियाच्या साडेबारा टक्के तरी पाहिजे, आणि दोन पट्ट्यांच्या स्लायडिंगची अर्धीच खिडकी उघडी धरतात हे कोणी सांगत नाही. आणि मुख्य म्हणजे ही संहिता राज्याने आपल्या बांधकाम नियमात घेतल्याशिवाय आपोआप बंधनकारक होत नाही. फ्लॅटवाल्याकडून ग्रीन चार्जेस घ्या असं त्यात मला कुठेच सापडलं नाही.

सेल्स ऑफिसात ग्रीन बिल्डिंगचं सर्टिफिकेट फ्रेममध्ये लावलं होतं, ते मी नंतर जाऊन मोबाइलवर झूम करून वाचलं. प्रोजेक्टचं नाव त्यांच्याच दुसऱ्या साइटचं, आणि तेही नकाशावरून दिलेलं पूर्वप्रमाणपत्र. इमारत उभी झाल्यावर तपासून जे अंतिम मिळते ते नव्हतंच. ॲग्रीमेंटमध्ये काय तर "विटा किंवा समतुल्य साहित्य", एएसी शब्दच नाही. एवढ्या एका ओळीवर त्यांनी मला ऑफिसातून परत पाठवलं, आणि कन्सल्टन्सीवाले म्हणतात आम्ही तर फक्त सल्ल्याचे पैसे घेतले.

वकिलांनी सांगितलं की रेरा या घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम 12 मध्ये जाहिरातीत खोटं सांगून पैसे घेतले तर भरपाई मागता येते, आणि कलम 14 प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष दाखवला तर तो बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. नशीब की ब्रोशर मी फेकलं नव्हतं आणि सेल्सवाल्याचे व्हॉट्सॲप मेसेज पण आहेत. महारेराकडे तक्रार टाकलीये, ड्रिलचा फोटो, बादलीचा व्हिडिओ, कोब्याचे फोटो सगळं जोडलंय. बुकिंग करणाऱ्यांनी आरईटीव्हीचा हिशोबाचा कागद आर्किटेक्टच्या सहीने मागा, ब्लॉक, इन्सुलेशनची जाडी, काच, हे सगळं ॲग्रीमेंटच्या परिशिष्टात लिहून घ्या, आणि प्लास्टर व्हायच्या आधी स्वतः साइटवर जा, नंतर भिंतीत काय आहे ते दिसत नाही.

परवा गेटवर एक नवराबायको दिसले, हातात तेच ब्रोशर, बाई पोटुशी. मी त्यांना वर घरी नेलं, दुपारचे दोन वाजले होते. पाणी दिलं आणि म्हटलं, ताई, त्या भिंतीला एकदा हात लावून बघा.