पेट साउंड्स: आधी मोनो ऐका, स्टेरिओचं नंतर बघू

बीच बॉईज हा अमेरिकन बँड म्हटलं की समुद्र, सर्फिंग, गाड्या आणि उंच पट्टीतला कोरस एवढंच डोक्यात येतं, आणि त्यात चूक काही नाही, १९६५ पर्यंत त्यांचं दुकान त्याच मालावर चालत होतं. त्यामुळे मी त्यांचा 'पेट साउंड्स' हा अल्बम लावला आणि कुणी म्हणालं की अरे हे काय रडकं लावलंस, तर मला राग येत नाही. १६ मे १९६६ ला हा अल्बम अमेरिकेत आला तेव्हा तिथेही साधारण असंच झालं. चार्टवर दहाव्या नंबरपर्यंत पोचला, म्हणजे वाईट नाही, पण या बँडच्या मानाने थंडच, आणि त्यांच्या कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीने दोनेक महिन्यांत त्यांच्याच जुन्या हिट गाण्यांचं कलेक्शन बाजारात आणून टाकलं. इंग्लंडमध्ये मात्र दुसऱ्या नंबरपर्यंत गेला, आणि बीटल्सचा पॉल मॅकार्टनी तर तेव्हापासून याचं कौतुक करतोच आहे.

गाणी भारी आहेत की नाहीत यावर इतकं लिहून झालंय की मी त्यात काय भर घालणार. मला बोलायचंय ते कुठला पेट साउंड्स ऐकायचा यावर. कारण आज शोधायला गेलात तर मोनो (सगळा आवाज एकाच जागेवरून), स्टेरिओ (डावा-उजवा वेगळा) आणि ॲटमॉस (चहूबाजूंनी) असे तीन समोर येतात, आणि बहुतेक लोक काही न बघता स्टेरिओ लावतात कारण स्टेरिओ म्हणजे जास्त चांगलं हे आपल्या डोक्यात टेप रेकॉर्डरच्या काळापासून बसलंय. माझं मत एकदम उलट आहे. मोनो लावा.

ब्रायन विल्सन, म्हणजे ज्याने हे सगळं रचलं आणि प्रोड्यूस केलं तो, उजव्या कानाने जवळजवळ बहिरा होता. त्याच्यासाठी डावीकडे गिटार, उजवीकडे पियानो याला अर्थच नव्हता. शिवाय तो फिल स्पेक्टर या प्रोड्यूसरचा भक्त, आणि स्पेक्टरची सगळी गंमतच अशी की चार वाद्यांकडून एकच ओळ वाजवून घ्यायची आणि त्यातून पाचवंच काहीतरी ऐकू यायचं. गोड्या मसाल्यात दगडफूल वेगळं काढून दाखवता येत नाही पण नसलं की लगेच कळतं, तसं आहे हे. 'वुडन्ट इट बी नाइस'मध्ये मागे जे फुगत-हलत असतं ते बऱ्याच लोकांना व्हायोलिन्स वाटतात. ती अकॉर्डियन्स आहेत! दोन माणसं भाता हलवत बसलीयेत. मोनोमध्ये ते अकॉर्डियन म्हणून ओळखू येतच नाही, गाण्याला नुसती धाप लागल्यासारखी वाटते, आणि गाणं लग्नाची घाई झालेल्या पोराचं आहे त्यामुळे ते फिट्ट बसतं. स्टेरिओत सगळं मोकळं होतं, कोण कुठे बसलंय ते दिसायला लागतं, आणि मग मन गाण्यातून उठून वाद्यं मोजायला लागतं.

आता स्टेरिओ आला कुठून हेही बघा. त्या काळी आधी वाद्यांचं सगळं चार ट्रॅकवर (म्हणजे एकाच टेपवरच्या चार वेगळ्या पट्ट्यांवर) रेकॉर्ड करायचं, मग ते सगळं मिळून एका ट्रॅकवर उतरवायचं आणि उरलेल्या ट्रॅक्सवर आवाज चढवायचे. कोलंबियाच्या स्टुडिओत आठ ट्रॅकचं मशीन होतं म्हणून बरेचसे आवाज तिथे झाले. म्हणजे वाद्यं एकदा एकत्र केली की झाली, परत वेगळी करता येणार नाहीत. १९९७ च्या 'द पेट साउंड्स सेशन्स' या बॉक्स सेटसाठी साउंड इंजिनिअर मार्क लिनेटने मूळ वाद्यांच्या टेप्स आणि आवाजांच्या टेप्स पुन्हा एकमेकींशी जुळवल्या, सेकंदाचाही फरक न पडता, आणि पहिल्यांदा खराखुरा स्टेरिओ तयार झाला. काम जबरदस्त आहे यात वादच नाही, ब्रायनची संमतीही होती. पण त्यात 'वुडन्ट इट बी नाइस'च्या मधल्या भागात बँडमधल्या माइक लव्हच्या ऐवजी ब्रायनचाच आवाज येतो, कारण माइकचा तो तुकडा हाताशी असलेल्या टेपवर नव्हता. नंतरच्या मिक्समध्ये ते सुधारलं, तरी मुद्दा राहतोच, की स्टेरिओ हा नंतर बांधलेला आहे. १९६६ मध्ये स्टुडिओत बसून ज्यावर ब्रायनने 'हं, हेच' म्हटलं तो मोनो.

हे सगळं करताना तो २३ वर्षांचा होता, हे मला अजून पचत नाही. १९६४ च्या डिसेंबरात विमानात त्याला पॅनिक अटॅक आला, मग त्याने टूरवर जाणंच सोडलं. बाकीचे जपानमध्ये कार्यक्रम करत होते तेव्हा हा लॉस एंजेलिसमध्ये हॅल ब्लेन, कॅरल के, लाइल रिट्झ, ग्लेन कॅम्पबेल अशा वयाने आणि अनुभवाने मोठ्या वादकांना तोंडी सांगून सांगून वाजवून घेत होता. गाण्यांचे शब्द लिहायला सोबत घेतला टोनी ॲशर, जो जाहिरात कंपनीत जिंगल्स लिहायचा. पोरं जपानहून परत आली तर काही गाण्यांची वाद्यं तयार, गायचं बाकी. माइक लव्हला काही शब्द झेपले नाहीत, ड्रग्जचा वास आला, त्यामुळे एका गाण्याचे शब्द बदलून ते 'आय नो देअर्स ॲन आन्सर' झालं. (त्यातला बास हार्मोनिका ऐकाच, बेडकाला सर्दी झाल्यासारखा आवाज आहे आणि तरी सुंदर आहे.)

'गॉड ओन्ली नोज'वर मी जरा जास्तच बोलणार आहे. ब्रायनचा धाकटा भाऊ कार्ल विल्सन गायलाय, तेव्हा जेमतेम १९ वर्षांचा, आणि काय साधं गायलाय, एक हरकत नाही, कुठे जोर नाही. ज्यांचा कान आपल्याकडच्या गाण्यावर तयार झालाय त्यांनी एक करून बघा, या गाण्याचा सा शोधा. बसून राहाल. कारण बास बहुतेक वेळा कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाच्या) मूळ सुरावर येतच नाही, बाजूच्या सुरावर उभा राहतो, त्यामुळे आता घरी पोचलो असं वाटेवाटेपर्यंत गाणं पुढे सरकलेलं असतं. बासही एक नाही, डबल बास आणि इलेक्ट्रिक बास दोन्ही मिळून. वर फ्रेंच हॉर्न, घुंगरासारख्या स्लेबेल्स, आणि ताल द्यायला ज्यूसचे प्लॅस्टिकचे कप. पंचमदांनी ग्लासवर वाजवून गाणं सुरू केलं ते १९७३ चं, हे त्याच्या सात वर्षं आधीचं, कोण पहिला हा वाद घालायचा नाहीये, दोघांचं डोकं एकाच जातीचं एवढंच म्हणायचंय. आणि शेवटी आवाज एकामागून एक एकमेकांवर चढत जातात ते मोनोमध्ये एका गोलात फिरतात, स्टेरिओत इकडेतिकडे पांगतात. माझ्यासाठी केस तिथेच बंद.

'कॅरोलाइन, नो' सुरू होतं ते टकटक वाजतं ना, तो पिण्याच्या पाण्याचा रिकामा जार आहे, हॅल ब्लेनने वाजवलेला. हे गाणं टेप थोडी पळवून अर्धा स्वर वर नेलंय, ब्रायनचा आवाज कोवळा वाटावा म्हणून, आणि हा सल्ला दिला त्याच्या बापाने, ज्याच्याशी त्याचं कधी धड पटलं नाही. शेवटी आगगाडी जाते आणि ब्रायनची कुत्री भुंकतात.

सगळंच सोनं आहे असंही नाही. 'स्लूप जॉन बी' हे बहामाचं लोकगीत आहे, अरेंजमेंट झकास पण बाकीच्या गाण्यांच्या मूडमध्ये ते पाहुण्यासारखं येऊन बसतं, सिंगल आधीच हिट झालेलं म्हणून ठेवलं असणार. शीर्षकाचं जे वाद्यसंगीत आहे तेही ठीकच, ते मुळात जेम्स बाँडच्या सिनेमासाठी केलेलं आणि तसंच वाटतं. शब्दांच्या बाबतीत सांगायचं तर विशीतल्या पोराचं हळवेपण आहे, चाळिशीत ऐकताना दोनचार ठिकाणी बाबा रे पुरे असं होतं. पण एकूण तेरा गाणी, साधारण ३६ मिनिटं, कंटाळा यायला वेळच नाही.

ॲटमॉस मिक्स २०२३ मध्ये जाइल्स मार्टिनने केला, म्हणजे बीटल्सवाल्या जॉर्ज मार्टिनचा मुलगा. माझ्याकडे त्यासाठी लागणारे खोलीभर स्पीकर नाहीत, हेडफोनवर ऐकला, आवाज चकचकीत आहे, चारही बाजूंनी येतो, आणि मला त्यातून तो छोटा स्टुडिओ आणि त्यात दाटीवाटीने बसलेली माणसं हरवल्यासारखी वाटली. ज्यांना गेम खेळताना मजा येते त्यांना आवडेल कदाचित.

मग पैसे कशावर घालवायचे? नुसतं ऐकायचं असेल तर स्ट्रीमिंगवर मोनो आणि स्टेरिओ एकत्र असलेली आवृत्ती आहे, आधीची तेरा मोनो, तिथे थांबा, पुढे जाऊ नका निदान पहिल्या आठवड्यात. आणि एकदा ऐका स्पीकरवर, अगदी एकच स्पीकर असला तरी चालेल, हेडफोनवर मोनो डोक्याच्या मधोमध अडकून बसतो. अल्बम अंगात भिनला की मग तो सेशन्सचा बॉक्स. त्यात ब्रायन वादकांना थांबवतो, परत करा म्हणतो, एका सुरासाठी अडून बसतो ते सगळं ऐकायला मिळतं, आणि वाद्यं काढून टाकून फक्त आवाजांची गाणी आहेत, त्या डिस्कसाठी तरी तो बॉक्स वसूल आहे. जून २०२५ मध्ये ब्रायन गेला त्या रात्री मी ती डिस्क लावली होती.

जुनी एलपी कुठे मिळाली, चोर बाजारात म्हणा की परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून म्हणा, तर कव्हर आधी नीट बघा. कॅपिटलने त्या काळी 'ड्युओफोनिक' नावाचा प्रकार काढला होता, मोनोच घ्यायचा, एका बाजूला वरचे सूर, दुसऱ्या बाजूला खालचे, मध्ये किंचित उशीर, आणि स्टेरिओ म्हणून विकायचा. पेट साउंड्सही तसा निघालाय. शेळ्यांना खायला घालणाऱ्या पोरांचं कव्हर तेच, सॅन दिएगोच्या झूमधलं, पण वर ड्युओफोनिक दिसलं तर फुकट मिळाली तर भिंतीला लावायला घ्या, पैसे देऊ नका.