पोटगी की हक्क? म्हातारपणाकडे पाहायच्या दोन रीती

सदाशिव पेठ, तिसरा मजला, लिफ्ट नाही, मुलं परदेशात. अशा आजींना कोण काय देतं?

२००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुलांकडे बोट दाखवतो. न्यायाधिकरणात अर्ज केला तर दरमहा जास्तीत जास्त १०,००० रुपये निर्वाहखर्च. सांभाळायच्या अटीवर घर बक्षीस दिलं आणि मुलगा फिरकलाच नाही, तर कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. या कायद्यातलं खरं धारदार कलम हेच. पण जिना तसाच राहतो. निराधारांसाठी कायद्याला सुचतो तो वृद्धाश्रम.

संयुक्त राष्ट्रांची ज्येष्ठांसाठीची १९९१ ची तत्त्वं म्हणतात, शक्य तितका काळ स्वतःच्या घरी राहता यावं. इथे जाब मुलांना नाही, सरकारला: लिफ्ट, चालण्याजोगा फुटपाथ, पीएमपीच्या बसची चढता येईल अशी पायरी, घरी येणारी परिचारिका. मला हीच मांडणी पटते, आजींना पैशांची चणचण असेलच असं नाही (पेन्शनीत आहेत की!), जिना मात्र रोजचा. अडचण एवढीच, की ही तत्त्वं घेऊन न्यायाधिकरणात जाता येत नाही. बंधनकारक कराराचा मसुदा करायला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने कार्यगट नेमायचं ठरवलं, तेही एप्रिल २०२५ मध्ये.