हायबरनेट, एसएसडी आणि मोठी हार्ड डिस्क: काही महिन्यांच्या वापरानंतर

डेस्कटॉप रात्री शट डाउन न करता हायबरनेट करायचा, असं ठरवून आता बरेच महिने झालेत. माझ्या कामात एका वेळी खूप फाइल्स उघड्या असतात आणि सकाळी तो सगळा पसारा पुन्हा मांडत बसायचा कंटाळा येतो. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवरच्या एका फाइलमध्ये लिहिलं जातं आणि मशीन पूर्ण बंद होतं, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी काही बिघडत नाही. स्लीपला ही हमी नाही. सोयीबद्दल तक्रार नाहीच. तक्रार आहे ती जागं झाल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटाबद्दल.

मशीनमध्ये विंडोज एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) आहे आणि डेटा साडेतीन इंची, 7200 आरपीएमच्या (मिनिटाला तितके फेरे घेणाऱ्या) मोठ्या हार्ड डिस्कवर, म्हणजे डी ड्राइव्हवर. सुरुवातीचे काही आठवडे सगळं सुरळीत. मग अधूनमधून असं व्हायला लागलं: स्क्रीन लगेच येते, पासवर्ड टाकला की कालच्या खिडक्या जशाच्या तशा, पण डी ड्राइव्हवरच्या कुठल्याही फाइलला हात लावला की एक्सप्लोरर जागच्या जागी गोठतो. कॅबिनेटमधून टक् असा आवाज, मग डिस्क फिरायला लागल्याची चढत जाणारी घरघर, आणि ती स्थिरावली की सगळं पुन्हा चालू. कधीकधी मात्र डी ड्राइव्ह यादीतूनच गायब व्हायचा आणि थोड्या वेळाने परत यायचा. एकदा त्यापाठोपाठ 'डिस्क तपासणं गरजेचं आहे' अशी सूचना आली, तेव्हा मात्र पाल चुकचुकली.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला निष्कर्ष एकच असतो: डिस्क चालली. बॅकअप आधी घ्यावा, त्यात वाद नाही. पण नवी डिस्क मागवण्याआधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून बघा. सिस्टम लॉगमध्ये 'पॉवर ट्रबलशूटर' या नावाची 1 क्रमांकाची नोंद असते, तिच्यात मशीन झोपल्याची आणि जागं झाल्याची वेळ लिहिलेली असते. डिस्कच्या चुका त्या वेळेशी ताडून पाहायच्या. माझ्याकडे 129 (डिस्कला रिसेट पाठवला) आणि 153 (वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं) या नोंदी दर वेळी जागं झाल्यानंतरच्या काही सेकंदांतच सापडल्या. गायब होण्याच्या दिवशी 157, म्हणजे डिस्क अचानक काढली गेली. दिवसभर त्याच डिस्कवर तासन् तास काम केलं तरी एक नोंद नाही. मरणारी डिस्क इतकं वेळापत्रक पाळत नाही. 7 क्रमांकाची, खराब ब्लॉकची नोंद असती तर मी हे एवढं लिहीत बसलो नसतो, सरळ डिस्क बदलली असती.

दुसरी साक्ष स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या तब्येतीच्या नोंदींची. त्या दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये चार ओळी बघितल्या तरी पुरतं. 05, सी5 आणि सी6 या तीन ओळी पृष्ठभागाच्या तब्येतीच्या. माझ्याकडे तिन्ही शून्य. सी7 म्हणजे डेटा केबलवरून जाताना झालेल्या चुका. हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे तो शून्य नसला म्हणून लगेच घाबरायचं नाही. लिहून ठेवायचा आणि पुढच्या वेळी वाढलाय का ते पाहायचं. वाढत असेल तर केबल बदलायची, ती सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. आणखी एक: या प्रोग्राममध्ये कच्चे आकडे मुळात हेक्समध्ये (0 ते 9 आणि ए ते एफ वापरणाऱ्या पद्धतीत) दिसतात, आणि काही डिस्कवर 01 या ओळीतला आकडा अवाढव्य असतो. तो पाहून झोप उडवून घेऊ नका.

मग दोष कुठे? माझ्या मते, गंमत अशी की एसएसडी वेगवान आहे हेच इथे आडवं येतं. हायबरनेटमधून उठताना एसएसडीवरून रॅमची प्रत काही सेकंदांत परत येते आणि विंडोज काल जिथे होता तिथून पुढे चालू लागतो. त्याच्या लेखी डी ड्राइव्ह कालपासून तयारच आहे, फाइल्सही उघड्याच आहेत. प्रत्यक्षात ती बिचारी डिस्क अजून वेग घेतेय, आणि मोठ्या डिस्कला त्यासाठी दहा सेकंद किंवा जास्तही लागू शकतात. हा घोळ नवा नाही. विंडोज 7 च्या काळात मोठ्या साटा (नेहमीच्या अंतर्गत जोडणीच्या) डिस्क दहा सेकंदांत तयार झाल्या नाहीत की जागं होताना थेट निळी स्क्रीन यायची आणि मायक्रोसॉफ्टला त्यासाठी वेगळा हॉटफिक्स (दुरुस्तीचा छोटा अपडेट) काढावा लागला होता. पूर्ण शट डाउन करून नव्याने सुरू केल्यावर हा त्रास जाणवत नाही, कारण तेव्हा विंडोजचा ड्रायव्हर डिस्क पहिल्यापासून शोधतो आणि कुठली फाइल आधीच उघडी नसते.

दोन गोष्टींनी फरक पडला. पहिली वीज. डिस्क थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागताना 12 व्होल्टच्या तारेवरून दोन अँपिअरच्या आसपास ओढते, नंतर त्याच्या बरीच खाली येते. माझ्या दोन हार्ड डिस्क एकाच स्प्लिटरवर (एका तारेच्या दोन करणाऱ्या जोडणीवर) टांगलेल्या होत्या, म्हणजे दोघींचा धक्का एका कनेक्टरवर. डेटा डिस्कला पॉवर सप्लायची स्वतंत्र तार दिल्यावर 157 पुन्हा दिसला नाही. दुसरी गोष्ट बायोसमधली (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममधली): फास्ट बूट बंद केलं. ते चालू असताना बायोस बाकीच्या डिस्कची वाट न पाहता पुढे निघून जातो. काही मदरबोर्डवर हार्ड डिस्कसाठी काही सेकंद थांबायची वेगळी सेटिंग असते. ती मिळाली तर उत्तमच. जागं व्हायला थोडा वेळ जास्त लागतो. चालतं. आता 153 क्वचित दिसतो, 129 तर विसरायलाच झालाय.

रजिस्ट्रीतली (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या यादीतली) डिस्क टाइमआउटची, म्हणजे डिस्कच्या उत्तराची किती वाट बघायची याची, किंमत वाढवा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. ती मुळात साधारण 60 सेकंद असते. वाढवून माझ्याकडे काडीचाही फरक पडला नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये 'हार्ड डिस्क बंद करा' शून्यावर ठेवलं, त्याने दिवसातल्या अधल्यामधल्या डुलक्या थांबल्या, पण हायबरनेटशी त्याचा संबंध नाही. चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामबद्दल एवढंच: आधी स्कॅनचा पर्याय वापरा, त्यात ड्राइव्ह बंद करावा लागत नाही. आणि सी5 वाढत असेल तर आरचा पर्याय अजिबात चालवू नका. तो अख्खी डिस्क वाचून काढतो आणि आधीच दमलेल्या डिस्कला तेवढा ताण पुरतो. आधी डेटा बाहेर काढा, मग काय ते प्रयोग करा.

ज्यांच्या मशीनवर विंडोजसोबत लिनक्सही आहे, त्यांनी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (बायोसमधलं फास्ट बूट नव्हे) बंदच ठेवावं. ते विंडोज 8 पासून आलं आणि शट डाउनच्या नावाखाली अर्धं हायबरनेटच करतं. मग लिनक्समधून एनटीएफएस (विंडोजच्या फाइल सिस्टमचा) ड्राइव्ह नुसता वाचायला मिळतो, लिहू देत नाही. ते योग्यच आहे, जबरदस्तीने लिहिलं तर फाइल सिस्टमची वाट लागेल.

यूएसबी डिस्कचं मात्र माझ्याकडे अजून जमलेलं नाही. ती लावलेली असताना हायबरनेट केलं, मधल्या वेळात काढून दुसऱ्या मशीनला लावून त्यावर काही लिहिलं आणि परत जोडली, तर विंडोजच्या आठवणीतली डिस्क आणि खरी डिस्क यांचा मेळ बसत नाही. डेटा जायला एवढं पुरतं. त्यामुळे हायबरनेट दाबण्याआधी ती 'सेफली रिमूव्ह' करतो आणि केबलही उपसून ठेवतो. अंतर्गत डिस्कसाठी हायबरनेटला मी पाचपैकी चार देईन, यूएसबी डिस्क कायम जोडलेली असेल तर दोनच.