टेंपरेचर सेंडर घ्यायचाय? नाना पेठेतल्या या दुकानात मीटर सोबत घेऊन जा

जुनी महिंद्राची एमएम 540 जीप आहे, टेंपरेचरचा सेंडर (इंजिन किती तापलंय ते डॅशबोर्डवरच्या काट्याच्या मीटरला कळवणारा सेन्सर) गेला म्हणून ऑनलाइन एक 'युनिव्हर्सल' मागवला, आटे अगदी चपखल बसले पण गाडी जरा गरम झाली की काटा सरळ लाल पट्टीकडे, आणि रेडिएटर बघावा तर पाणी निवांत. शेवटी पुण्यात नाना पेठेत ऑटो इलेक्ट्रिकच्या एका छोट्या दुकानात गेलो, गल्लीच्या आत आहे, पार्किंगचं विसराच.

काकांनी पहिला प्रश्न केला, मीटर आणलंय का? होतं सोबत. बॅटरीवर जोडलं, सेंडरच्या जागी फिरवायचा रेझिस्टन्स लावला आणि काटा मधोमध आला तेव्हा ओम मोजले, साधारण 70. मग किटलीत पाणी तापवून थर्मामीटर टाकला, 80 डिग्रीला माझा ऑनलाइनवाला मल्टीमीटरवर 40 ओमच्या आसपास. गरम झालं की या सेंडरचा रेझिस्टन्स उतरतो आणि तो जितका कमी तितका काटा वर, म्हणजे इंजिन 80 ला असताना मीटर उगाच बोंब मारणार. खोक्यातले तीन-चार सेंडर बुडवून बघितले, एक 68 ला आला, तोच दिला, साडेचारशे रुपये. ऑनलाइनवाला अडीचशेचा होता, पण हे वरचे दोनशे कारणी लागले असं माझं मत.

आणखी एक, एकाच वायरचा सेंडर अर्थिंग त्याच्या धातूच्या बॉडीतूनच घेतो, त्यामुळे आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढेच्या वेढे मारू नका म्हणाले, अर्थिंग नीट मिळालं नाही की काटा खाली दाखवतो आणि ते जास्त डेंजर. धोक्याच्या दिव्याचा किंवा रेडिएटरच्या फॅनचा टेंपरेचर स्विच दिसायला तसाच असतो पण तो फक्त चालू-बंद करतो, काट्याला लावून उपयोग शून्य.

तक्रार एवढीच की बिल मागितल्यावर काका जरा कुरकुरले, आणि एकदा फिट केलेला माल परत घेत नाहीत. शनिवारी जाऊ नका, गर्दीत किटलीबिटली काही निघत नाही. आणि मीटर काढायचं जिवावर आलं तर गाडीच घेऊन जा, पण मग सकाळी लवकर.