अण्णांचं वर्दीचं दुकान, अशोक चौकाच्या अलीकडे

पाटीवरचं नाव उन्हानं पार उडालंय, 'युनिफॉर्म' एवढीच अक्षरं शिल्लक आहेत. सोलापूरच्या पूर्व भागात नुसतं 'अण्णांचं दुकान' विचारलंत तर "कुठल्या अण्णाचं?" असा उलटा प्रश्न येणार, कारण इथं दर दोन घरांआड एक अण्णा. 'वर्दीवाले' म्हणा, मग गल्ली दाखवतात. खाली दुकान, वर माळ्यावर चार मशिनी, जिन्यात कापडाचे तागे. पाय बघून टाका.

सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्यांना तोटा नाही. शाळेचे गणवेश इथून बाहेरगावी जातात, २०१७ साली तर गावात युनिफॉर्मचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. मग ह्याच दुकानावर एवढं लिहायचं कारण काय? तर हा माणूस 'नाही' म्हणतो.

माझं आधी सांगतो. २००० साली बेळगावला मराठा लाईट इन्फन्ट्रीत भरती झालो, २०१७ ला हवालदार म्हणून पेन्शन आलो. आता एका सिक्युरिटी एजन्सीत सुपरवायझर आहे, हाताखाली बत्तीस गार्ड. सतरा वर्षं रोज सकाळी कुणीतरी आपलं टर्नआउट, म्हणजे वर्दीचा नीटनेटकेपणा, तपासला की डोळ्यांना एक खोड लागते, ती जात नाही. बायको म्हणते, लग्नात जेवायला बसलं तरी तुमची नजर वाढप्याच्या बटनांवर. खरं आहे. टोपी न घालता ठोकलेला सॅल्यूट बघितला की माझं डोकं फिरतं. आमच्यात डोक्यावर काही नसेल तर सावधान व्हायचं, हात वर जात नाही. शर्टाच्या बटनांची रेघ एकीकडं आणि बक्कल दुसरीकडं, हे दिसलं तरी हात शिवशिवतात.

तर एजन्सीच्या मालकांना नवी वर्दी करायची होती. "एकदम आर्मी लूक पाहिजे," म्हणाले आणि मोबाईलवर फोटो दाखवला. कुठल्याशा मॉलचा गार्ड. अंगात तो नवा बारीक चौकटींचा डिजिटल प्रिंट, खांद्यावर दोन स्टार, बगलेतून लाल लेनयार्ड, म्हणजे खांद्याला अडकवायची गोफाची दोरी, आणि छातीवर पॅराशूटचे पंख, विमानातून उडी मारणाऱ्यांचा बिल्ला. पंख! आमच्यातला एक गडी रात्री गच्चीवरची टाकी बघायला एकटा चढत नाही.

मी तो फोटो घेऊन अण्णांकडे गेलो, कारण मालकांना मी 'नाही' म्हणालो तर नोकरीचा प्रश्न. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाईल डोळ्यांजवळ नेला, परत माझ्या हातात दिला.

"हे शिवणारा दुसरा गाठा ओ हवालदार. कापड आणून दिलंत तरी कात्री लावणार नाही."

मग त्यांनी एकेक काढायला सुरुवात केली, आणि मला आमच्या सुभेदार साहेबांसमोर उभं असल्यासारखं वाटलं. तो प्रिंट लष्करानं १५ जानेवारी २०२२ च्या आर्मी डेला पहिल्यांदा दाखवला, निफ्ट ह्या सरकारी फॅशन संस्थेच्या मदतीनं केलेला, आणि पुढं त्याची नोंदणी करून घेतली. बाजारात ताग्यानं विकायचं ते कापडच नाही. शिवाय त्याचा शर्ट बाहेर सोडायचा असतो. नक्कल करणारे तो पँटीत खोचून वर चकचकीत बेल्ट लावतात आणि तिथंच पकडले जातात. ही शेवटची ओळ माझी, अण्णा तेवढं बोलत नाहीत.

कायद्याचं कलम मात्र त्यांना पाठ होतं. खासगी सुरक्षा एजन्सीसाठी २००५ चा कायदा आहे. त्यातल्या कलम २१ प्रमाणं गार्डच्या अंगावर लष्कर, नौदल, हवाई दल किंवा पोलिसांची वर्दी, तिच्यासारखं दिसणारं काही, किंवा त्यांची एखादी खूण सापडली तर गार्ड आणि एजन्सीचा मालक दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एरवीही सैनिक नसताना सैनिक वाटावं म्हणून तसा पोशाख घालणं हा गुन्हाच आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत कलम १४० खाली होता, आता न्याय संहितेत १६८. मी हे घरी येऊन कागदावर उतरवलं आणि मालकांच्या टेबलावर ठेवलं. कैदेचा शब्द वाचल्यावर लूक बदलायला वेळ लागला नाही.

काऊंटरखाली बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे आहेत. बघायला मिळाले तर बघाच. एका डब्यात लाल-पिवळी-लाल फीत, दुसऱ्यात लाल-निळी, आणि दोन्ही डबे कधीच एकावर एक ठेवलेले नसतात. स्टार दोन असले तरी खाली कुठली फीत आहे त्यावर माणूस बदलतो. लाल-पिवळी-लाल असेल तर सुभेदार, लाल-निळी असेल तर पीएसआय. आणि फीतच नसेल तर? तर तो लेफ्टनंट. गेल्या लग्नसराईत विजापूर रोडला एका मंगल कार्यालयाच्या दारात मी असा लेफ्टनंट गाड्या लावताना बघितलाय. बिचाऱ्याची चूक नाही, ठेकेदारानं दिलं ते त्यानं घातलं. हे स्टार आणि फिती अण्णा ओळखपत्र बघितल्याशिवाय देत नाहीत. वहीत नाव, नंबर, ठाणं लिहून घेतात. माझ्यासमोर एका पोराला त्यांनी परत पाठवलं, रील बनवायला स्टार पाहिजे होते म्हणे.

शेवटी आमचं ठरलं ते असं: राखाडी शर्ट, गडद निळी पँट, बाहीवर एजन्सीचा स्वतःचा बिल्ला, उजव्या खिशावर नावाची पट्टी. साधं. कापडाबद्दल अण्णांनी आधीच बजावलं होतं की स्वस्त पॉलिस्टर घेऊ नका, मे महिन्यात गेटवर उभा राहणारा माणूस भाजून निघेल. थोडं महाग पडलं, पण सुती जास्त असलेलं घेतलं. त्यांनी बत्तीस जणांची मापं वेगवेगळी घेतली. 'लहान-मध्यम-मोठा' असं करून टाकलं नाही. पोट सुटलेल्या गार्डाला शर्ट बसवताना दुसऱ्या बटनापासून खाली प्लॅकेट, म्हणजे बटनांची पट्टी, अर्धा बोट सैल सोडलंय, त्यामुळं खाली वाकला तरी बटनं ताणत नाहीत. असली गोष्ट बिलात दिसत नाही.

आता माझी फजिती. मापं द्यायला मी स्वतः उभा राहिलो तेव्हा अण्णांनी टेप कमरेला लावला आणि थांबले.

"हे बक्कल कुणाचं ओ?"

माझ्या पलटणीचं. पेन्शन आल्यापासून रोज ब्रासोनं घासतो. एजन्सीच्या पँटीवर तेच लावून मी गेले कित्येक महिने गार्डांना वर्दीची शिस्त शिकवत होतो.

अण्णा पुढं काही बोलले नाहीत, टेप गुंडाळून वहीत आकडा लिहिला. कायद्यातला 'खूण' हा शब्द त्यांनीच मला आधी सांगितला होता. आता ते बक्कल घरी देवघराच्या खालच्या फळीवर आहे. कामावर साधा काळा बेल्ट.

मेडलचं कामही त्यांच्याकडेच केलं. माझी पाच आहेत, इतकी वर्षं प्रत्येकाला वेगळी पिन लावायचो. चालताना खुळखुळ वाजायची आणि फितींच्या कडा वर-खाली. अण्णांनी पाचही एका पट्टीवर कडक आधार देऊन घट्ट बसवली. बसवण्याआधी कागदावर ओळ मांडून दाखवली: स्पेशल सर्व्हिस, ऑप पराक्रम, सैन्य सेवा, हाय अल्टिट्यूड आणि शेवटी नऊ वर्षांचं लाँग सर्व्हिस. मानाचं छातीच्या मध्याकडं, बाकीची क्रमानं खांद्याकडं. नऊ वर्षांचं रंगानं उठून दिसतं म्हणून पहिलं लावणारे मी आमच्याच माजी सैनिकांत बघितलेत. मी ते सांगायला लागलो तर अण्णा म्हणाले, "तुम्ही आधी ओळ बघा, बरोबर हाय का."

बरोबर होती. २६ जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला कोटावर लावून गेलो, एकही मेडल हाललं नाही. तिथंच एक पोरगं सैनिक बनून आलं होतं, खेळण्यातली मेडलं उजव्या छातीवर. आई-बापांना कुठलं ठाऊक असणार, पण उजवीकडं मेडल लावतात ती गेलेल्या जवानाच्या घरची माणसं. मी पुढं होऊन पिन डावीकडं केली, पोरानं मला सॅल्यूट ठोकला. टोपी नव्हती. सोडून दिलं.

भाच्याची एनसीसीची बॅरेटही इथूनच घेतली. नवी बॅरेट म्हणजे डोक्यावर थालीपीठ ठेवल्यासारखी दिसते, पोरं तशीच घालून परेडला जातात. अण्णांनी ती गरम पाण्यात बुडवली, मग गार पाण्यात, पिळली आणि ओलीच पोराच्या डोक्यावर बसवली. पट्टा कपाळावर सरळ, बॅज डाव्या डोळ्याच्या वर, उरलेलं कापड उजव्या कानाकडं दाबून ओढलेलं. अर्धा तास तसंच बसवून ठेवलं. पोरगं कुरकुरलं, शर्ट भिजला, पण वाळल्यावर बॅरेट अशी बसली की आमच्या सेंटरच्या उस्तादांनीही नाव ठेवलं नसतं.

आता जे पटलं नाही ते. दहा दिवसांचा वायदा होता, माल एकोणिसाव्या दिवशी मिळाला. फोन केला की "इस्त्रीला गेलंय" हेच उत्तर, चार दिवस तेच. तीन पँटींचे लूप एवढे अरुंद होते की बेल्ट आत जाईना. उसवून दिले, पैसे घेतले नाहीत, पण तिघे जण दोन दिवस जुन्या पँटीवर उभे राहिले. बिल वहीच्या कागदावर हातानं. पक्कं मागावं लागलं, तेव्हा मिळालं. गाडी लावायला जागा अजिबात नाही, चौकात लावून चालत या. आणि शाळा सुरू व्हायच्या आधी मे-जूनमध्ये जाऊच नका, गणवेशाच्या गर्दीत तुमच्याकडं बघायलाही कुणाला फुरसत नसते.

दर सांगतो: गार्डची जोडी कापड-शिलाईसकट ९८० रुपये पडली. बाजारात साडेसातशेलाही मिळते, ती आम्ही मागच्या वर्षी घेतली होती आणि सहा महिन्यांत काखेत फाटली. मेडल बसवायचे ४००, नावाची पट्टी ५०.

मालक परवा पुन्हा म्हणाले, निदान खांद्याला लाल लेनयार्ड तरी लावू या, शोभा येते. मी सांगून बघितलं की लष्करात ब्रिगेडियर आणि त्याच्या वरच्यांनी ऑगस्ट २०२३ पासून लेनयार्ड लावायचं बंद केलंय, आपल्या गार्डाला कशाला? ऐकलं नाही. म्हणून त्यांना सरळ अण्णांकडे पाठवलंय. दुकान दुपारी एक ते तीन बंद असतं, हे मात्र मी त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय.