चुंबक चिकटला म्हणजे अशनी नव्हे

आकाशदर्शनाचे कार्यक्रम घ्यायला लागल्यापासून लोक माझ्याकडे दगड घेऊन येतात. कुणाला नांगरताना सापडलेला असतो, कुणाला विहिरीच्या मातीत. आतापर्यंत आलेल्यांत एकही अशनी, म्हणजे अवकाशातून पडलेला दगड, निघालेला नाही. प्रत्येक दगडाबरोबर येणारं वाक्य मात्र ठरलेलं: "चुंबक लावून बघितलं, चिकटतं!"

म्हणून आधी चुंबकाचाच निकाल लावू. बहुतेक अशनींत लोह-निकेलचे कण असतात, त्यामुळे चुंबक चिकटतं हे खरंच. पण आपला निम्म्याहून जास्त महाराष्ट्र काळ्या पाषाणावर, म्हणजे बसाल्टवर बसलेला आहे आणि त्या बसाल्टमध्येही मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे बारीक दाणे असतात. हल्ली ऑनलाइन मिळणारं जोरदार निओडिमियम चुंबक देवळाच्या पायरीलाही ओढ दाखवतं. तेव्हा चुंबक अजिबात चिकटलं नाही तर दगड जवळपास बाद, आणि चिकटलं तर काहीच ठरलेलं नाही. त्यातही दगड खरा असेल तर जोरदार चुंबकाने त्याच्यातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. त्यापेक्षा दगड साध्या होकायंत्राजवळ नेऊन सुई हलते का बघावं.

खरा फरक कळतो तो सालीवरून. हवेतून येताना अशनीचा पृष्ठभाग वितळतो आणि त्याच्यावर काळी, अंड्याच्या टरफलासारखी पातळ साल धरते, जेमतेम एखाद्या मिलिमीटरची. टवका उडाला असेल तिथे आतला दगड फिकट राखाडी दिसतो. 22 मे 2012 रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात अशनींचा वर्षाव झाला, ते याच जातीचे, म्हणजे दगडी. बसाल्टचं नेमकं उलट असतं. फोडला तर आत काळा, आणि बाहेर हवापाण्याने कुजलेला तपकिरी थर, जो कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटत जातो. गोल गुळगुळीत "तोफगोळा" दिसला की लोक हरखतात, पण तो याच पापुद्र्यांचा खेळ असतो. अशनी सहसा इतका गोल नसतो. वेडावाकडा, कडा बोथट झालेला, आणि कधी ओल्या मातीत अंगठे दाबल्यासारखे उथळ खळगे असलेला असतो.

खळगे आणि भोकं यांत घोळ होतो. दगडाला स्पंजासारखी भोकं असतील तर आशा सोडा. भोकं म्हणजे वायूचे बुडबुडे. ते लाव्हात असतात आणि धातू गाळून उरलेल्या भट्टीच्या मळीत असतात, अशनीत जवळजवळ कधीच नसतात. भोकांत पांढरे स्फटिक भरलेले दिसले तर तो बसाल्टच.

मळी, म्हणजे स्लॅग, ही सगळ्यांत बेरकी. काळी, जड, वितळून ओघळल्यासारखी, कधी लोखंडाचे थेंब अडकलेली, त्यामुळे चुंबकालाही चिकटते. "आमच्या गावात कारखानाच नाही, मग मळी येईल कुठून?" असं विचारतात. ती रस्त्याच्या भरावातून येते. विदर्भात तर त्याहून जुनी असू शकते. नागपूरजवळ नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, अडीच हजार वर्षांपेक्षा जुनी. अशी मळी पुराणवस्तू म्हणून मोलाची, पण आकाशातली नाही.

हेमेटाइट हे लोहखनिज किंवा जांभ्यातला लोखंडी गोटा ओळखणं सर्वांत सोपं. फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर घासा. विटकरी रेघ उठली तर हेमेटाइट, ठळक काळी उठली तर मॅग्नेटाइट. न गंजलेला दगडी अशनी सहसा रेघ उठवतच नाही. बसाल्टही फारशी उठवत नाही, म्हणून ही कसोटी फक्त बाद करायला वापरावी.

मग वजन. सिन्नरचा आतेभाऊ एक दगड घेऊन आला, "हातात घे, केवढा जड आहे!" म्हणत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर भरला 1,140 ग्रॅम. मग पाण्याचं पातेलं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दगड दोऱ्याने पाण्यात बुडवून, तळाला न टेकवता, लोंबता धरला. काटा 400 वर गेला, म्हणजे दगडाच्या आकाराएवढ्या पाण्याचं वजन 400 ग्रॅम. 1,140 भागिले 400, म्हणजे घनता पाण्याच्या 2.85 पट. बसाल्ट! नेहमीचे दगडी अशनी साधारण 3.2 ते 3.7 मध्ये येतात, लोखंडी सात-आठच्या घरात. भाऊ दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. (दगड नुकताच पडलेला वाटत असेल तर मात्र त्याला पाणी लावू नका, ही कसोटी सोडून द्या.)

लोणारहून आणलेले काळे दगडही याच रांगेतले. विवर आघातानेच झालं, यात शंका नाही. पण इतक्या जोराच्या धडकेत येणारा पाषाण बहुतांशी वितळून, वाफ होऊन जातो. तिथून उचललेला दगड म्हणजे आघात सोसलेला बसाल्ट.

आणि डोळ्यांदेखत काही पडलं तर? तरी थांबा. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी राज्यभर दिसलेल्या आगीच्या रेषा अनेकांनी उल्का समजल्या. चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात पडलेलं निघालं भलंमोठं धातूचं कडं, रॉकेटचा अवशेष. 2018 च्या जानेवारीत हरियाणातल्या एका गावाच्या शेतात बर्फाचा गोळा पडला, तो काहींनी घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवला. विमानाच्या शौचालयातून गळून गोठलेला तो मैला असावा, असा अधिकाऱ्यांचा अंदाज होता. "पडला तेव्हा लालबुंद होता, गवत पेटलं" असं कुणी सांगितलं तर मी तिथेच थांबतो. अशनीचा उजेड बराच वर विझतो, शेवटचे कित्येक किलोमीटर तो अंधारात, थंड होत येतो.

पातळ काळी साल, आत फिकट रंग, भोकं नाहीत, घनता तीनच्या वर, एवढं जुळलं तरच पुढे जा. छोटा कोपरा कानशीने घासा. राखाडी दगडात चांदीसारखे चमकणारे ठिपके दिसले तर घासणं थांबवा. कोरड्या, स्वच्छ कापडात गुंडाळा, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, जागा आणि वेळ लिहून ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. नागपूरला त्यांचं मोठं कार्यालय आहे. निकेल आहे की नाही हे तिथल्या प्रयोगशाळेतच ठरतं. व्हॉट्सॲपवर मला फोटो पाठवून नाही.